ओली भर

झिबल पेंदोरने पाइपावर दगडाने तीन ठोके दिले. खाणीतला फोन महिनाभर मुका होता, त्यामुळे वर रेतीच्या साठ्यावर, बंकरवर, बसलेल्या माणसाला 'रेती थांबव' असं सांगायची हीच एक रीत उरली होती. पाइपातली घरघर मंदावली. आधी रेती यायची थांबली, मग पाणी थांबलं. त्यानंतर छतातून ठिबकणारे थेंब ऐकू यायला लागले.

"भरलं," मी म्हणालो.

"भरल्यावानी दिसते," झिबल म्हणाला.

मी एका ओंडक्यावर चढलो आणि रेती अडवणाऱ्या बांबूच्या तट्ट्याच्या वरच्या कडेतून मोजायची काठी आत सारली. काठी शिरेना. दिव्याच्या उजेडात ओली रेती चकाकत होती, अगदी छताला टेकलेली. मी खिशातून वही काढली.

"आज नोका लिहू, बाबू."

"का?"

"तीन दिस जाऊ द्या. पाणी उतरू द्या. रेती अजून उभी आहे, तिले बसू द्या."

पलीकडे बकाराम उरकुडे सालईच्या खांबाखाली पाचर ठोकत होता. छताला टेकू देणं हे त्याचं काम आणि थट्टा करणं हा त्याचा स्वभाव. तो म्हणाला, "मिस्त्री, बाबूची बहीण परवा बोहल्यावर चढते. तुमच्या रेतीसाठी तिले का हार घेऊन तीन दिस उभी ठेवाव?"

आम्ही दोघं हसलो. झिबल हसला नाही.

"आषाढीच्या आधीचा शेवटचा मुहूर्त आहे, मिस्त्री," मी म्हणालो. "आज सही झाली नाही तर माझी रजा गेली."

"मंग तुम्ही जा जी. दुसऱ्याले मोजू द्या."

"आणि साहेब काय म्हणतील? सहा महिने झाले, या देवतळेला एक भर स्वतः पुरी करता येत नाही?"

झिबलने तट्ट्यावर तळहात टेकवला. बांबूच्या फटींतून पाणी अजून झिरपत होतं. ते त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. तो ओला हात त्याने दिव्यासमोर धरला आणि मला दाखवला. 

मी वहीत लिहिलं, 'पट्टा क्रमांक पाच, भर पूर्ण, फट शून्य.' खाली सही केली.

हल्ली मी शनिवारी मुलांना गणित आणि थोडं विज्ञान शिकवतो. त्यांच्यासमोर एक प्रयोग करतो. काचेच्या बाटलीच्या बुडाला बारीक भोक, त्यावर फडक्याचा तुकडा. मग रेती आणि पाणी एकत्र कालवून गळ्यापर्यंत ओतायचं. मुलं ओरडतात, "सर, भरली, भरली!" मी म्हणतो, लिहा पाटीवर, भरली. तिसऱ्या दिवशी बाटली पाहिली की रेती दोन बोटं खाली गेलेली असते. कुणी चोरली? कुणीच नाही. नुसतं पाणी निघून गेलं आणि दाणे एकमेकांना चिकटून बसले. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे एका प्रयोगात कळतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, परीक्षा पास होऊन आलेला ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणारा होतो, आणि मलाही ते माहीत होतं.

आमची खाण वर्धा नदीच्या काठची. कोळसा काढताना जमिनीखाली कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात, म्हणजे वरची जमीन खाली येत नाही. पुढे ते खांबही काढायची वेळ येते. मग एकेका पट्ट्यात जितकी पोकळी होईल तितकी रेतीने भरून घ्यावी लागते. शेजारच्या बोरड्याच्या खाणीने भर न घालताच खांब काढले होते. तिथली चाळीस एकर जमीन कमरेइतकी खाली गेली, एका दिवसात सहा विहिरी कोरड्या पडल्या आणि उन्हाळ्यात शेतातल्या भेगांतून धूर निघत राहिला. म्हणून आमचं खोदकाम खैरगुड्याखाली शिरलं तेव्हा आमचे मॅनेजर कारखानीस साहेब त्या गावात जाऊन मोहाच्या झाडाखाली बसले आणि म्हणाले, "जेवढं काढू तेवढं भरू. माझा शब्द."

खैरगुडा म्हणजे चौतीस घरांची गोंडांची वस्ती. एक विहीर, एक स्लॅबची शाळा. झिबलचं घर शाळेला लागून होतं. रेती भरणाऱ्या टोळीचा मिस्त्री म्हणून तो रोज स्वतःच्या गावाच्या खाली कामाला येत असे.

लग्न छान झालं. बहिणीच्या सासरच्यांनी जो भेटेल त्याला माझी ओळख 'खाणीतले साहेब' अशी करून दिली. आठव्या दिवशी मी लाडवांचा डबा घेऊन कामावर हजर झालो. बकारामने दोन लाडू एकदम तोंडात घातले. झिबल डब्याकडे फिरकला नाही.

"मिस्त्रीला काय झालं?"

"चार दिस झाले, कोनाशी बोलतच नाई," बकाराम म्हणाला. "मी म्हनलं, बुढीनं घराबाहेर काढलं का? तं माह्याकडे असा पाह्यला बाप्पा, का मी पाचरच खाली ठेवली."

दुपारी पाळी सुटली तेव्हा झिबल खाणीच्या तोंडाशी सायकल धरून उभा होता.

"बाबू, गावाले चाला."

"आज? आत्ताच तर आलो."

"आत्ताच चाला."

त्याची बायको लच्छूबाई अंगणातच होती. हात शेणाने माखलेले. तिने मला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. बोटाने जमीन दाखवली.

"हे पाहा जी. सकाळी सारवते, दुपारी पुन्हा येते."

ताज्या सारवणातून एक रेघ गेली होती. केसाएवढी बारीक. भिंतीच्या कोपऱ्यातून निघून कोंबड्यांच्या डालग्याखालून पलीकडे.

"काल डालग्यापर्यंत होती," ती म्हणाली. "आज डालगं वलांडून गेली. मी म्हनलं, उंदराचं काम असन. पन उंदीर असा सरळ चालत नाई ना, बाबू."

रेघ ज्या दिशेने चालली होती त्या दिशेला शाळा होती.

झिबल मला विहिरीवर घेऊन गेला. दोराला नवा तुकडा जोडलेला होता, त्याची गाठ अजून स्वच्छ होती. "दोन हात जोड द्याव लागला," तो म्हणाला. "चैतात नाई लागला तं आता लागला."

"पावसाने कधीकधी जमीन हलते, मिस्त्री."

"पावसानं जमीन फुगते, बाबू. बसत नाई."

शाळा नुकतीच उघडली होती. मास्तर दाराशी झटत होते. दार चौकटीत बसत नव्हतं. मला पाहून ते ओशाळले. "लाकूड फुगलं असावं," म्हणाले. आत पोरांनी एक नवा खेळ शोधला होता. वर्गाच्या मधोमध गोटी ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. गोटी थोडा वेळ विचार केल्यासारखी थांबायची, मग आपली आपण चालायला लागायची आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकायची. दुसरी गोटी, तिसरी गोटी, सगळ्या त्याच कोपऱ्यात. पोरं टाळ्या पिटत होती.

"सर, तुम्ही बी सोडून पाहा ना!" एका मुलीने गोटी माझ्यापुढे केली.

मी ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिबल, बकाराम आणि मी पाच नंबरच्या पट्ट्यावर गेलो. मी रजेवर असताना माझ्या सहीच्या भरवशावर तट्ट्यापुढे विटांची भिंत घालून तो पट्टा बंद केला होता, आणि पलीकडे पुढचे खांब काढायला सुरुवात झाली होती. बंद पट्ट्याची भिंत अशी फोडायला परवानगी नसते. झिबलने विचारलंही नाही. त्याने वरच्या कोपऱ्यातल्या दोन विटा छिन्नीने सोडवल्या आणि बाजूला झाला.

मी आधी विषारी वायू तपासायचा दिवा भोकाशी धरला. ज्योत ठीक होती. मग चेहरा जवळ नेला. आतून गार हवा आली, एखाद्या म्हाताऱ्याने तोंडावर श्वास सोडावा तशी. जिथे रेतीने छताला टेकायचं तिथे हवा होती. मी काठी आत घातली. ती कुठेच अडली नाही. मूठ विटांना लागेपर्यंत गेली. मग ती उभी धरून उंची मोजली.

"किती?" झिबलने विचारलं.

"सव्वा फूट."

सव्वा फूट ऐकायला थोडं वाटतं. पण जितका पट्टा लांब, तितकं सव्वा फूट लांब. वरचा खडक पलीकडच्या खांबांच्या आधारावर कसाबसा लोंबत होता, आणि ते खांब आमचीच माणसं रोज थोडे थोडे काढत होती.

तेवढ्यात मागे कुठेतरी लाकूड कुरकुरलं. मग थांबलं. मग दुसरीकडे कुरकुरलं. बकारामने मान वर केली. त्या दिवशी त्याने एकही थट्टा केली नव्हती.

"लोखंडी खांब मुकाट्यानं मोडते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सालईचा खांब सांगून मोडते. हे सांगून राह्यले."

"बंकरात रेती किती आहे, बाबू?" झिबलने विचारलं.

"दोन दिवसांची. नदीला पूर आला, आता दसऱ्यापर्यंत नवी रेती नाही."

"थे दोन दिसाची कुठं जानार?"

"उद्या सकाळपासून सात नंबरच्या पट्ट्यात."

"मंग जे कराचं थे आज," झिबल म्हणाला आणि चालायला लागला.

कारखानीस साहेबांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मग वही मागवली, माझं पान काढलं, त्यावर बोट ठेवलं.

"इथे शून्य लिहिलंय, देवतळे."

"हो, साहेब."

"आणि आता सव्वा फूट?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खांब काढणं मी या क्षणी थांबवतो. भिंत फोडतो, सात नंबरची रेती पाचमध्ये वळवतो. पण वरिष्ठांना तार करावी लागेल. ते पहिला प्रश्न विचारतील, वहीत शून्य असताना तुम्ही काम का थांबवलंत? मला कागद पाहिजे. भर मोजताना चूक झाली, असं कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. कोण देणार?"

खोलीत पंखा फिरत होता. साहेब माझ्याकडे पाहत होते. त्या कागदाचा अर्थ मला माहीत होता. माझा परवाना निलंबित झाला असता, कदाचित कायमचा. बहिणीच्या सासरच्या ओसरीवर कुणीतरी ती बातमी सांगत आहे, असं मला दिसलं. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "उद्या सकाळी मी पुन्हा एकदा नीट मोजतो. मग लिहून देतो."

"उद्या?" साहेब म्हणाले.

माझ्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. मी त्याला हात लावला नाही.

"लिहा साहेब," झिबल म्हणाला. "मी सांगतो."

साहेबांनी कारकुनाला बोलावलं. झिबल खुर्चीवर बसला नाही. टोपी काखेत धरून, समोरच्या भिंतीकडे पाहत त्याने सांगितलं, "बाबूनं मले विचारलं, रेती सुकली का? मी म्हनलं, तीन दिस झाले, सुकली. त्याइनं माह्या भरवशावर लिव्हलं. रेती ओली होती. मी खोटं बोललो."

कारकुनाचं लिहिणं थांबलं. साहेबांनी आधी झिबलकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते खाणीत वीस वर्षं काढलेले गृहस्थ होते. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं.

"पेंदोर, याचा अर्थ समजतो ना? नोकरी जाईल."

"समजते जी."

"देवतळे," साहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याला वाचता येत नाही. वाचून दाखवा, आणि साक्षीदार म्हणून सही करा."

मी कागद हातात घेतला. पाच ओळी होत्या. मी त्या सगळ्या वाचल्या, एकही शब्द न गाळता. मला वाटलं होतं, मध्येच कुठेतरी मी अडखळेन आणि मग खरं बोलावंच लागेल. अडखळलो नाही.

"बरोबर लिव्हलं का, बाबू?" झिबलने विचारलं.

"बरोबर आहे."

त्याने अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. त्याच्या खाली मी सही केली.

दुपारी चार वाजता पाइपात पुन्हा घरघर सुरू झाली. खैरगुड्याची माणसं गुरंढोरं घेऊन नाल्यापलीकडच्या आमराईत राहायला गेली. शाळेला कुलूप लावायचं होतं, पण दार लागेना, तेव्हा मास्तरांनी ते काथ्याने बांधलं. दोन दिवस रेती आत जात राहिली. मी खालीच राहिलो, जेवणही खालीच आलं. झिबलला खाणीत यायला बंदी होती. पाइपावर ठोके आता दुसराच माणूस देत होता, आणि त्याला ते मोजून द्यावे लागत होते. भर झाल्यावर मी तीन दिवस थांबलो. रेती चार बोटं बसली. बंकराच्या तळाची रेती खरवडून तेवढी फट पुन्हा भरली आणि आणखी तीन दिवस थांबलो. मग काठी कुठेच शिरली नाही.

अंगणातली रेघ शाळेच्या पायरीपाशी येऊन थांबली होती. पायरीचा एक दगड उकलला, मागच्या कोपऱ्याचा गिलावा पडला. त्याहून जास्त काही झालं नाही. आमराईतून लोक घरी आले.

आठवड्याने मी खैरगुड्याला गेलो. या वेळी लच्छूबाईने खाट टाकली, वर गोधडी अंथरली, पितळी पेल्यात चहा आणला.

"आमचे हे सांगतात, बाबू होते म्हनून गाव राह्यलं," ती म्हणाली. "नोकरी गेली, जाऊ द्या. यायच्या हातून चूक झाली ना जी. तुम्ही सांभाळून घेतलं."

तो चहा मी कसा प्यालो ते मला आठवत नाही.

झिबल मला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला आला. बकरीचं एक पिल्लू त्याच्या खांद्यावर होतं. माणसं नजरेआड झाल्यावर मी थांबलो.

"मिस्त्री, मी उद्या साहेबांना खरं सांगतो. लिहून देतो. तुम्हाला परत कामावर घेतील."

"आता कायले?"

"कायले म्हणजे? चूक माझी होती."

"तुमचीच होती," तो म्हणाला. "मले का ठाऊक नाई?" त्याने पिल्लू खाली उतरवलं. "तुम्ही लिहून द्यान, तुमाले काढतीन. मंग नवा बाबू येईल. नवाच राहीन, तुमच्यावानी. त्याले बी कोन्या लग्नाले जाचं राहीन. त्याची बी एक चूक व्हाची राहीन. थे चूक कोनाच्या घराखाली होईल, सांगा."

पिल्लू माझ्या चपला हुंगायला लागलं.

"तुमची होऊन गेली," तो म्हणाला. "माह्या गावाखाली अजून चार पट्टे काढाचे आहे. मले असा बाबू पाह्यजे ज्याले आता झोप येनार नाई. मी तुमच्यावर दया नाई केली जी. तसं नोका समजू."

तो सावकाश बोलत होता, रागाने नाही.

"आता तुमाले बदली घेता येनार नाई. शेवटची भर होईपर्यंत तुम्ही हितंच."

ते चार पट्टे काढायला नऊ वर्षं लागली. या काळात मला दोनदा बढतीचं पत्र आलं, एकदा नागपूरचं आणि एकदा बल्लारशाकडचं. दोन्ही वेळा मी नकार लिहून पाठवला. कारखानीस साहेबांनी कारण विचारलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली. कधी पावसाळ्यात रेती कमी पडली तर मी काम बंद ठेवलं, शिव्या खाल्ल्या. पुढे वीजघराची राख रेतीत मिसळून भरायची ठरली, म्हणजे नदीही ओरबाडली जाणार नव्हती. तेव्हा मी आधी ती महिनाभर बाटल्यांत भरून पाहिली आणि मगच पाइपात सोडू दिली.

आणि प्रत्येक भरीनंतर तिसऱ्या दिवशी मी वर आलो की झिबल खाणीच्या तोंडाशी, शेळ्या घेऊन, सागाच्या झाडाखाली बसलेला असायचा. त्याला तारीख कोण सांगायचं, कुणास ठाऊक. तो उठायचा नाही, हाक मारायचा नाही. माझ्या तोंडाकडे पाहायचा. मी मान हलवली की शेळ्या उठवून निघून जायचा.

शेवटच्या पट्ट्याची भर माघात झाली. तिसऱ्या दिवशी मी मोजून वर आलो तेव्हा तो नेहमीच्याच जागी होता. बराच थकला होता. नजरही जवळजवळ गेली होती, त्यामुळे मी जवळ गेलो आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"झालं, मिस्त्री. आता तुमच्या गावाखाली काही उरलं नाही."

"किती फट?"

"शून्य."

त्याने माझ्या चेहऱ्याच्या दिशेने पाहिलं. मग काठी टेकत उठला आणि शेळ्यांना हाकलत म्हणाला, "उद्या अजून एकडाव पाहून घ्या, बाबू."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खाली गेलो.